चौथ्या खुंटीची गळती

आमच्या ह्यांना विजेचा तो मोठा झटका बसला तेव्हा मी मागच्या खोलीत तांदूळ निवडत होते. दुकानातून धाडकन काहीतरी आदळल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ मामंजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, हाक आली, "सूनबाई, धाव गं!" मी धावले. हे भिंतीला टेकून खाली बसले होते. चेहरा पांढराफटक, डाव्या हातात उजवं मनगट धरलेलं. टेबलावरचा लोखंडी पेटारा तसाच चालू होता. मी आधी भिंतीवरचं बटण बंद केलं आणि मग ह्यांच्याकडे वळले. तेवढं त्या क्षणी कसं सुचलं, मला अजून सांगता येत नाही.

ठाण्यात नौपाड्याला आमचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. पुढे रस्त्याला लागून दुकान, मागे दोन खोल्या. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. लढाईच्या काळात हे लष्कराच्या वायरलेस वर्कशॉपमध्ये कामाला होते, सगळं शिकले ते तिथेच. लढाई संपल्यावर कल्याणच्या छावणीतलं सामान भंगारात निघालं. त्यातून ह्यांनी हा पेटारा उचलला आणि रेतीच्या मचव्यात घालून खाडीतून ठाण्याला आणला. उतरवायला चार माणसं लागली म्हणे. मी तेव्हा लग्न होऊन यायची होते.

तो ऑसिलोस्कोप होता. हे त्याला नुसतं 'स्कोप' म्हणत. समोर बशीएवढी गोल काच, आत हातभर लांब काचेची नळी. चालू केला की त्या काचेवर हिरवी रेघ उमटायची, आणि रेडिओची तार जोडली की रेघेच्या लाटा व्हायच्या. "रेडिओच्या पोटात काय चाललंय ते नुसतं ऐकून कळत नाही, इथे डोळ्यांना दिसतं," असं ह्यांनी मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. दुसऱ्या नवऱ्याने बायकोला तलावपाळीवर फिरायला नेलं असतं. ह्यांनी मला पंख्याच्या विजेची लाट दाखवली. मला ती आवडली, हेही खरंच.

मग स्कोपला काहीतरी झालं. चालू केल्यावर रेघ छान यायची, पण दहा मिनिटांत ती लांबट, जाड आणि पुसट होत होत नाहीशी व्हायची. नळीला लागणारा सोळाशे व्होल्टचा दाब कुठेतरी कोसळत होता. तो कुठे कोसळतोय हे बघायला हे पेटाऱ्याच्या मागून दोन्ही हात आत घालून बसले होते, आणि त्या सोळाशे व्होल्टनी त्यांना भिंतीवर फेकलं.

मनगटाचं हाड मोडलं होतं. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये. त्या दिवसांत दादरचे एक बडे रेडिओतज्ज्ञ ह्यांना भेटायला आले. कोट, टाय, स्वतःची मोटार. ह्यांना त्यांच्याबद्दल फार आदर. त्यांनी स्कोप चालू करून पाहिला, रेघ विझेपर्यंत थांबले, आत नाक घालून वास घेतला आणि निकाल दिला, "ट्रान्सफॉर्मर गेलाय. आतलं वाइंडिंग जळतंय. असा ट्रान्सफॉर्मर आता इथे मिळायचा नाही. मोडीत काढा." ह्यांनी मान डोलावली. मी चहा घेऊन उभी होते. जेमतेम दहा मिनिटं लागली असतील त्यांना.

प्लास्टर निघालं, हात सरळ झाला. पण हे काही पहिल्यासारखे कामाला बसेनात. गिऱ्हाईक रेडिओ घेऊन आलं की "सध्या फार काम आहे, ठेवून जा" म्हणायचे. रेडिओ फळीवर जाऊन बसायचे आणि तिथेच राहायचे. मला वाटलं हात दुखत असेल. एके दिवशी मी पाणी द्यायला गेले तर हे एका रेडिओची मागची पाटी उघडून बसले होते. प्लग काढून टेबलावर, डोळ्यांसमोर ठेवलेला. तरी स्क्रूड्रायव्हर पुढे जाईना. हात थरथरत होता. मला पाहून ह्यांनी तो टेबलाखाली नेला.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"नाही."

मग म्हणाले, "आत हात घातला की डोळ्यांपुढे ती भिंत येते."

ही गोष्ट त्यांनी मामंजींना सांगितली नव्हती, कुणालाच नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला म्हणाले, "टेंभी नाक्यावरच्या भंगारवाल्याला निरोप धाडतो. स्कोप घेऊन जाऊ दे."

आदल्या रात्रीच अंथरुणावर पडल्या पडल्या मी ठरवलं होतं की असं काही निघालं तर काय बोलायचं. म्हणून लगेच म्हणाले, "द्यायचाच आहे तर द्या. पण आधी मला आतून शिकवा."

"तुला? कशाला?"

"माझे वडील कल्याणला गणिताचे मास्तर आहेत आणि मी मॅट्रिकला गणित घेतलं होतं. घरात पाच-सहा वर्षं एक वस्तू आहे आणि ती कशाने चालते हे मला ठाऊक नाही. भंगारवाला येईपर्यंत तरी कळू दे."

"अगं, ती वस्तू माणूस मारते!"

"म्हणूनच म्हणते, शिकवा. न शिकता हात लावला तर मरेन."

मामंजी दारात बसून वर्तमानपत्र वाचत होते. मामलेदार कचेरीत तीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झालेले. ते न वळता म्हणाले, "बायकांनी विजेशी खेळणं मला पसंत नाही." आणि पान उलटून पुढे म्हणाले, "पण तिने त्या दिवशी बटण आधी बंद केलं. आपण दोघं पुरुष होतो, दोघांनाही सुचलं नाही."

दुकान दुपारी एक ते तीन बंद असायचं. त्या दोन तासांत माझी शाळा सुरू झाली. हे हातभर अंतरावर खुर्ची टाकून बसत, स्कोपला स्वतः शिवत नसत. नियम पहिल्याच दिवशी पाठ करून घेतले. चालू असताना हात आत घालायचा नाही. आधी बटण, मग प्लग उपटून माझ्या डोळ्यांसमोर. मग आतल्या कपॅसिटरमध्ये साठून राहिलेली वीज पेटाऱ्याच्या लोखंडात उतरवायची. आणि डावा हात कायम पाठीमागे. "एका हाताने शिवलीस तर चटका बसेल. दोन्ही हात आत असले तर वीज छातीतून जाते. माझ्या छातीतून गेली." मी पदर खोचून डावा हात कमरेच्या गाठीत अडकवून ठेवायला शिकले.

वीज उतरवायला लांब कोरडं लाकूड लागत होतं. मी स्वयंपाकघरातलं जुनं लाटणं आणलं, ह्यांनी त्याच्या टोकाला खिळा ठोकून तार बांधायला सांगितली. पहिल्यांदा मी तो खिळा कपॅसिटरला टेकवला तेव्हा फटाक्यासारखा आवाज झाला आणि मी दोन पावलं मागे सरले.

"आता परत टेकव," हे म्हणाले.

"उतरली ना सगळी?"

"दोन मिनिटं थांब आणि टेकव."

मी टेकवलं. पुन्हा ठिणगी. लहान, पण ठिणगीच. प्लग उपटलेला, एकदा रिकामा केलेला, तरी त्याच्या पोटात पुन्हा वीज जमली होती. हे शांतपणे म्हणाले, "हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तुला मी सांगतोय."

चौथ्या-पाचव्या दिवशी मी विचारलं, "ट्रान्सफॉर्मर गेलाय हे कशावरून?"

"ते म्हणाले."

"तुम्हाला काय वाटतं?"

"ते चुकणार नाहीत गं."

"ट्रान्सफॉर्मरला जोडलेलं सगळं सोडवून, तो एकटाच चालवून बघितला होता का त्यांनी?"

ह्यांनी स्कोपकडे नजर वळवली. मग हळूच म्हणाले, "नाही."

त्या दुपारी ह्यांनी सांगितलं तशा मी तारा सोडवल्या. आत एक काळपट तपकिरी पट्टी होती, पातळ, फायबरची. तिच्यावर पितळी खुंट्यांची रांग आणि खुंट्यांमध्ये सात रेझिस्टर एकापुढे एक जोडलेले. सगळा दाब त्या पट्टीवरून वाटला जाऊन नळीला पोचत होता. आम्ही ती पट्टी सोडवून टाकली. ट्रान्सफॉर्मर, तापून उजळणारे काचेचे व्हॉल्व्ह आणि कपॅसिटर एवढेच ठेवले, मीटर लावला आणि चालू केलं. दहा मिनिटं झाली. काटा हलेना. वीस मिनिटं. अर्धा तास. मामंजी घड्याळ घेऊन बसले होते. तास भरला तरी काटा जिथल्या तिथे. बंद करून, वीज दोनदा उतरवून मी ट्रान्सफॉर्मरवर तळवा ठेवला. कोमट होता, बस्स.

"जिवंत आहे," मी म्हणाले.

हे उठून उभे राहिले. दोन येरझारा घातल्या. मग मामंजींना म्हणाले, "बाबा, भंगारवाल्याला नको म्हणून सांगा."

म्हणजे दोष पट्टीवर होता. आम्ही सातही रेझिस्टर मोजले. दोन बिघडलेले निघाले, ते बदलले. तापल्या सळईने शिसं वितळवून माझा पहिला डाग मी त्यात दिला, शिशाचा गोळा खुंटीवर चमकत बसला आणि मला उगाचच फार आनंद झाला. जोडून चालू केलं. रेघ आली, सुंदर, बारीक. मी टाळी वाजवणार तोच ती जाड व्हायला लागली, आणि दहाव्या मिनिटाला नाहीशी झाली.

हे खचले. "सोड," म्हणाले. "कपॅसिटर असेल, व्हॉल्व्ह असेल, काहीही असेल. एकेक बदलत बसायला माझ्याकडे सामान नाही."

मी स्वयंपाकघरात जाऊन कॅलेंडरचं उलटलेलं पान आणलं. मागची बाजू कोरी होती. तिच्यावर मी सात रेझिस्टर काढले आणि प्रत्येकाचा आकडा लिहिला. एका टोकाला सोळाशे, दुसऱ्या टोकाला शून्य. मधल्या प्रत्येक खुंटीवर किती व्होल्ट हवेत? जेवढा रेझिस्टर मोठा तेवढा त्याचा वाटा मोठा. हे तर साधं त्रैराशिक होतं. वडिलांनी कल्याणच्या घरी ओसरीवर बसवून माझ्याकडून अशी शेकडो गणितं घोटून घेतली होती. आठ खुंट्यांचे आठ आकडे पाच मिनिटांत निघाले.

ह्यांनी कागद हातात घेतला. "आम्ही वर्कशॉपात असं कधी करत नसू," ते म्हणाले. "भाग बदलायचा, चालला तर चालला."

"आता मला खरे आकडे हवेत. सुरुवातीचे आणि दहा मिनिटांनंतरचे."

एकेका आकड्याला पाऊण तास लागत होता. बंद करा, प्लग काढा, वीज दोनदा उतरवा, मीटरचा चिमटा पुढच्या खुंटीवर लावा, हात काढा, चालू करा, थांबा, वाचा. आणि मीटर स्वतःच थोडी वीज खातो, तेही हिशेबात धरा. तीन दुपारी गेल्या. चौथ्या दुपारी आमचा कागद भरला आणि मी तो ह्यांच्यापुढे ठेवला.

"सुरुवातीचे आकडे त्रैराशिकाशी जुळतात," मी म्हणाले. "दहा मिनिटांनंतरचे बघा. वरच्या तीन रेझिस्टरांवर वाट्यापेक्षा जास्त व्होल्ट पडतात, खालच्या चारांवर कमी. म्हणजे वरून जेवढी वीज येते तेवढी खाली जात नाही. मध्येच गळते. चौथ्या खुंटीशी."

"चौथ्या खुंटीला काहीच जोडलेलं नाही. दोन रेझिस्टर आणि बास."

"तरी तिथेच गळते."

"अगं, हवेत गळेल का?"

"मला माहीत नाही कशात गळते. पण आकडा खोटं बोलत नाहीये."

आमचा आवाज चढला होता बहुधा, कारण मामंजी आत आले. त्यांनी कागद घेतला, चष्मा वर करून सगळी बेरीज पुन्हा तपासली. तीस वर्षांची सवय. "गणित बरोबर आहे," ते म्हणाले आणि कागद मला परत दिला, ह्यांना नाही.

मग मी म्हटलं की मला अंधारात बघायचंय. दुपारचं ऊन दुकानाच्या फटींतून आत येत होतं, त्यात काय दिसणार! मामंजींची काळी घोंगडी आणली. पेटारा टेबलाच्या कडेला ओढला आणि पेटाऱ्यावरून आणि माझ्या डोक्यावरून घोंगडी टाकली. दोन्ही हात पाठीमागे बांधून घ्यायला ह्यांनी लावले, खरोखरच पंच्याने बांधले. चेहरा आणि पट्टी यांच्यात वीतभर अंतर राहील अशी एक फळी हनुवटीखाली आडवी लावली. मामंजी प्लगपाशी, हे माझ्या पाठीशी, माझ्या दंडाला धरून.

"चालू!" मी ओरडले.

घोंगडीत कोंदट गरम होत होतं. व्हॉल्व्हचा तांबूस उजेड सोडला तर काळोख. मी डोळे सरावू दिले. पाच मिनिटं. सात मिनिटं. घाम भुवईवरून खाली उतरत होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. मग मला आवाज ऐकू आला, कढईत मोहरी तडतडायच्या आधी होतो तसा बारीक. आणि दिसलं! चौथ्या खुंटीच्या बुडाशी जांभळट निळी किनार. खुंटीच्या पायातून निघून पट्टीच्या खालच्या अंगाला जात होती, दिसत होती तेवढी नखभर, आणि पुढे कुठे जाते ते पट्टीआड.

"दिसलं! अहो, दिसलं! पट्टीच्या खालून जातंय!"

"बंद करा, बाबा!" ह्यांचा आवाज माझ्याहून मोठा होता.

घोंगडी दूर झाली. प्लग टेबलावर आला. मी लाटणं घ्यायला वळले, पण माझे हात अजून बांधलेले होते. ते ह्यांच्याही लक्षात आलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, लाटण्याकडे पाहिलं. मग लाटणं उचललं, डावा हात पाठीमागे नेला आणि खिळा कपॅसिटरला टेकवला. फट्! हे दचकले, पण जागचे हलले नाहीत. दोन मिनिटं थांबून पुन्हा टेकवला. मग स्क्रूड्रायव्हर घेऊन हात सरळ आत घातला.

हात थरथरत होता. पण ह्या वेळी त्यांनी तो लपवला नाही. पट्टीचे चार स्क्रू त्यांनी स्वतः काढले, आणि मामंजी माझ्या मनगटांवरची गाठ सोडवायची विसरून नुसते बघत राहिले.

पट्टी उलटी केली. चौथ्या खुंटीपासून जवळच्या स्क्रूपर्यंत, केसाएवढी बारीक, नागमोडी काळी रेघ. पट्टीच जळून कोळसा झाली होती आणि त्या कोळशावरून वीज पेटाऱ्याच्या लोखंडात उतरत होती. गरम झाली की वाट आणखी मोकळी व्हायची. हे म्हणाले, "खाडीचा खारा वारा आणि वर्षानुवर्षांची धूळ. वरून किती पुसलं मी! खालून कधी पाहिलंच नाही."

मी ब्लेडने ती रेघ खरवडली, खालचा स्वच्छ थर लागेपर्यंत. स्पिरिटने धुतली, उन्हात वाळवली, वर लाखेचं व्हार्निश दिलं. प्रश्न राहिला तो स्क्रूचा. तो खुंटीच्या इतक्या जवळ होता की वाट पुन्हा पडणार. पट्टी आणि लोखंड यांच्यामध्ये वीज अडवणारं काहीतरी हवं होतं, आणि स्क्रूही वीज न खेचणारा हवा होता. हे म्हणाले, एबोनाइट, म्हणजे ते कडक काळं रबर, मिळालं तर उत्तम. मामंजी उठून आत गेले आणि त्यांचं जुनं फाउंटन पेन घेऊन आले, काळं, जाड, कचेरीत वापरायचे ते.

"हे एबोनाइटच ना?" त्यांनी विचारलं.

"बाबा, पेन कशाला!"

"निब केव्हाच गेलीय. आता मी कुणाला तगादे लिहिणार आहे?"

पेनची नळी ह्यांनी करवतीने कापली. तिच्या कड्या पट्टीखाली बसल्या, आणि तिच्याच तुकड्याची काळी खुंटी घासून स्क्रूच्या जागी ठोकली.

शनिवारी दुपारी आम्ही स्कोप जोडला. मी चालू करायला निघाले तर हे म्हणाले, "थांब, मी करतो." त्यांनी बटण दाबलं. व्हॉल्व्ह तापले. काचेवर हिरवा ठिपका आला आणि ताणून रेघ झाली. आम्ही तिघं तिच्याकडे बघत उभे राहिलो. दहाव्या मिनिटाला मी श्वास रोखला होता. अकरा. पंधरा. रेघ सुईने ओढल्यासारखी बारीक. अर्ध्या तासाने मामंजी म्हणाले, "आता बसायला हरकत नसावी." तिघेही हसायला लागलो आणि हसू थांबेचना. ह्यांनी मायक्रोफोन जोडला आणि मामंजींना म्हणाले, "बोला काहीतरी." मामंजींनी घसा खाकरला, आणि काचेवर डोंगरच्या डोंगर उठले. त्यांनी पुन्हा खाकरलं. मग कचेरीतल्या आवाजात हुकूम सोडल्यासारखं म्हणाले, "हजर आहे का?" आणि आपल्याच आवाजाच्या लाटा बघून लहान मुलासारखे खूश झाले.

पुढच्या आठवड्यात फळीवरचे रेडिओ एकेक करून खाली उतरले. हे उघडत, मी आकडे काढून देत असे.

महिन्याभराने दादरचे ते तज्ज्ञ आले. स्कोप तासभर चालू होता. ते खुर्ची ओढून समोर बसले, रेघ बारीक-जाड करून पाहिली, मागे जाऊन ट्रान्सफॉर्मर पाहिला.

"नवा कुठे मिळाला?"

"जुनाच आहे," हे म्हणाले.

"अशक्य. मग दोष कशात होता?"

ह्यांनी कॅलेंडरचं पान काढून त्यांच्यापुढे ठेवलं. ते बराच वेळ वाचत होते. चौथ्या खुंटीशी बोट थांबलं. "हे गणित कुणी केलं?"

"हिने," हे माझ्याकडे बोट करून म्हणाले, "आणि दोषही हिनेच शोधला. मी फक्त स्क्रू काढले."

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. ते गृहस्थ उठले आणि माझ्या हातातला ट्रे त्यांनी स्वतः घेऊन टेबलावर ठेवला. "वहिनी, मी घाई केली," एवढंच म्हणाले. मोठा माणूस होता, हे मला तेव्हा कळलं.

पंधरा दिवसांनी त्यांची मोटार पुन्हा दारात थांबली. ते स्वतः नव्हते. ड्रायव्हरने मागच्या सीटवरून पोत्यात गुंडाळलेला दुसरा एक स्कोप उतरवला, आमच्याहून मोठा. सोबत चिठ्ठी होती, पाकिटावर ह्यांचं नाव नव्हतं, 'सौ. वहिनींस' असं लिहिलं होतं. आत दोनच ओळी : रेघ येत नाही, ट्रान्सफॉर्मर तपासलेला नाही, सवडीने पाहावे.

हे म्हणाले, "तुझं गिऱ्हाईक आलंय."

मी हात पुसले आणि पोतं सोडायला बसले.